असंग्रहाचा जमाखर्च

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक लिलाव झाला. विक्रीला वस्तू थोड्याच होत्या: गोल काचांचा चष्मा, चपलांचा जोड, खिशात ठेवायचे झेनिथ घड्याळ, एक वाडगा आणि एक थाळी. महात्मा गांधींच्या या वस्तू १८ लाख डॉलरला गेल्या आणि त्या घेतल्या विजय मल्ल्या यांनी. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्या माणसाचा चष्मा मद्याच्या व्यापाऱ्याने सोडवून आणावा, या विसंगतीवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. खरे तर विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच होती. एवढ्या मोजक्या वस्तूंवर एका माणसाला आयुष्य काढता आले ते कशाच्या बळावर? लिलावाच्या यादीत जे नव्हते त्याचीही यादी करायला हवी. शेगावची, म्हणजे पुढच्या सेवाग्रामची, जमीन जमनालाल बजाज यांच्याकडून आलेली. पत्रव्यवहाराचा डोंगर उपसायला महादेवभाई देसाई होते. सामुदायिक स्वयंपाकघर होते, गोशाळा होती, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी माणसे होती. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी सेवाग्रामात टेलिफोनसुद्धा आला. बापूंना गरिबीत ठेवणे फार महाग पडते, असा विनोद सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितला जातो. तो त्यांनी केला असो वा नसो, त्यात टिंगलीपेक्षा हिशेब जास्त आहे. या प्रस्तावनेत मला तोच हिशेब मांडायचा आहे.

साधेपणावर आज जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा सुरुवात कपाटापासून होते. कपडे बाहेर काढा, आनंद देत नाहीत ते टाकून द्या, घर मोकळे झाले की मन मोकळे होईल. मारी कोंदो यांचे २०११ च्या सुमारास जपानीत आलेले पुस्तक इंग्रजीतून जगभर पोहोचले, २०१९ च्या जानेवारीत त्यावर दूरचित्रमालिका आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या संस्थेने घरासाठी निवडक वस्तू विकणारे ऑनलाइन दुकान उघडले. मला यात ढोंग दिसत नाही. बाजाराची रीतच तशी आहे. मोकळी झालेली भिंत त्याला नवी जागा वाटते. या पद्धतीचा अनेकांना उपयोग झाला हेही मान्य. अडगळीतून वाट काढत जगण्याला काही अर्थ नाही. माझी हरकत तिच्या गृहीतकाला आहे. किती वस्तूंत जगायचे हा निर्णय माणूस एकटाच, स्वतःच्या मनाशी, आपल्या घराच्या चार भिंतींत घेतो, असे ती धरून चालते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. घरातला साधेपणा घराबाहेरच्या सामाईक संपत्तीवर उभा असतो. ती जिथे भक्कम असते तिथे थोडक्यात जगणे सामान्य माणसालाही जमते. ती जिथे नसते तिथे ते एकतर श्रीमंताचा छंद होते, नाहीतर गरिबाची शिक्षा.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठच्या झोपडीत राहायला गेला आणि सप्टेंबर १८४७ पर्यंत राहिला. झोपडी बांधायला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले, हा खर्च त्याने खिळ्या-बिजागऱ्यांसह लिहून ठेवला आहे. टीकाकारांचा आवडता मुद्दा असा की जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, काँकॉर्ड गाव चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि तो घरच्यांकडे जेवायला जात असे. एवढे सांगून थोरोला निकालात काढणे सोपे आहे. मी मात्र हे त्याच्या बाजूचे पुरावे समजतो. साधे राहायला काय लागते याची ती चोख नोंद आहे. राहू देणारा जमीनमालक, चालत गाठता येईल असे गाव, हाक मारली तर येणारी माणसे आणि पुस्तके देणारी घरे लागतात. थोरोने खिळ्यांचा खर्च मांडला, पण या गोष्टींची किंमत धरली नाही, कारण त्या त्याला फुकट मिळाल्या होत्या. आपल्याकडे त्याचे अनुकरण करू पाहणारे शहराबाहेर दोन एकर घेतात, पाण्यासाठी बोअर मारतात, भाजीला आणि दवाखान्याला गाडी काढतात, आणि साधेपणा एवढा महाग कसा पडतो याचे नवल करत बसतात.

आता जवळचा पुरावा. मुंबई आणि पुणे या दोन शहरांतल्या मराठी मध्यमवर्गाचे संस्कार फारसे वेगळे नाहीत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे दोन्हीकडे सारखेच ऐकवले जाते. तरीही मुंबईत वाहन न घेता चाळीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली माणसे घरोघर सापडतात, आणि पुण्यात मूल कॉलेजात गेले की दुचाकी येतेच. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि शहराच्या अंदाजे ३५ लाख लोकसंख्येला तिने मागे टाकले. पुणेकर मुंबईकरापेक्षा अधिक हावरा आहे असे कोणी म्हणणार नाही (निदान मुंबईकराशिवाय कोणी नाही). मुंबईच्या लोकलमधून कोविडच्या आधी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी ये-जा करत होते. पुण्याला तशी वाहतूक मिळाली नाही. एका शहराने आपल्या माणसांना एका मोठ्या खर्चापासून आणि काळजीपासून मोकळे ठेवले, दुसऱ्याने ती काळजी प्रत्येकाच्या दारात आणून उभी केली. लोकलचा प्रवास सुखाचा नाही, जीवघेणाही आहे, हे विसरून चालणार नाही. तरी मुद्दा राहतोच की गाडी न घेण्याचा निर्णय मुंबईकराच्या वतीने आधीच कोणीतरी रुळांवर घेऊन ठेवला होता.

पाण्याचेही तेच. ज्या घराला रोज ठरल्या वेळी नळ येतो तिथे दोन बादल्यांत भागते. जिथे आठवड्यातून एकदा पाणी सुटते तिथे पिंपे, टाक्या, हंडे, कळशा, शेवटी रिकाम्या बाटल्यासुद्धा जपून ठेवल्या जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या लातूरच्या घरातली पिंपे पाहून तिथल्या गृहिणीला पसारा कमी करण्याचा उपदेश कोण करील? वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, सरकारी दवाखान्यावर भरवसा नाही म्हणून पोटाला चिमटा काढून साठवलेले सोने, पाऊस लांबला तर म्हणून कणगीतले जादा धान्य. बेगमी ही आपल्याकडे हौस म्हणून आलेली नाही. घरातल्या वस्तूंकडे या नजरेने पाहिले तर त्यांतल्या निम्म्या वस्तू आपण कशाकशावर विश्वास ठेवू शकलो नाही याचा नकाशा मांडून दाखवतात. तो नकाशा बदलायचा तर कपाट उपसून भागणार नाही.

विश्वास ठेवता आला की काय होते याचे सुंदर उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि आपण त्याची फारशी कदर करत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झाले, मुंबईचे १८९८ मध्ये. पुढे १९६७ मध्ये राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदानाला पात्र ठरली. या वाचनालयांतून एक कादंबरी शेकडो घरांत जाते आणि परत फळीवर येते. तिच्यासाठी कोणाला भिंतभर कपाट करावे लागत नाही, आणि वाचनात कोणी गरीबही राहत नाही. असंग्रहाचे याहून चांगले यंत्र मला माहीत नाही. त्यात त्याग नाही, व्रत नाही. आठवड्यातून एकदा जाऊन यायचे, वर्गणी भरायची, पुस्तक वेळेवर परत करायचे. अनुदान तुटपुंजे, ग्रंथपालाचा पगार लाजिरवाणा, ही रड जुनीच आहे. वाचनालय बंद पडते तेव्हा गावातली दोनशे घरे एकेक पुस्तक कमी वाचतात किंवा एकेक पुस्तक जास्त विकत घेतात. बहुतेक घरे पहिला मार्ग धरतात.

या विचाराला सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. तो बाजूला ठेवून साधेपणावर लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या आर्थिक बाजूची चिकित्सा केली. यंत्र आणि आधुनिक संस्कृती नाकारली तर सामान्य माणसाच्या वाट्याला जनावराचे कष्ट येतात, आणि माणसाला माणूस म्हणून वाढायला जी फुरसत लागते ती मूठभरांचीच मिरास राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या युक्तिवादामागे इतिहास होता. सामर्थ्य असले तरी शूद्राने धनाचा संचय करू नये असा नियम मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. अंत्यजांनी फुटक्या भांड्यांत खावे, लोखंडाचे दागिने घालावेत, अशीही व्यवस्था तिथेच आहे. ज्या समाजात काहींना संग्रह करायची बंदीच होती, तिथे असंग्रहाला सद्गुण म्हणणे हे बंदी घालणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांना म्हणाले ते मुद्दाम आठवावे. गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या चांदी-कथलाच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती उतरवा, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, असा त्यांचा सल्ला होता. लुगडे नेसण्याची पद्धतही त्यांनी बदलायला सांगितली. दागिने उतरवणे ही क्रिया तीच, पण अर्थ पूर्ण वेगळा. इथे वस्तू टाकायची होती ती मानाने वस्तू बाळगण्याचा हक्क मिळावा म्हणून.

या आक्षेपाला माझे उत्तर खोडून काढण्याचे नाही, तो मान्य करून पुढे जाण्याचे आहे. ज्याच्याजवळ मुळात आहे आणि उद्याची शाश्वतीही आहे, त्यालाच सोडता येते. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण भारतातला दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये निघाला, शहरी ६,४५९. त्यातला ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरात ३९ टक्के वाटा नुसत्या खाण्याचा. या सरासरीच्या खाली जे आहेत त्यांना उद्देशून हे पुस्तक लिहिलेले नाही, आणि त्यांना उद्देशून असले पुस्तक कोणी लिहू नये. त्यांच्या घरात फ्रिज यावा, पंखा यावा, मुलीला अभ्यासाला टेबल मिळावे. पण आंबेडकरांचा मुद्दा नीट वाचला तर त्याचे टोक वस्तूंपाशी थांबत नाही, ते फुरसतीपाशी जाते. आणि फुरसतीच्या कसोटीला उतरवले तर आजचा सुस्थितीतला वर्ग नापास होतो. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता यांत बांधलेला माणूस यंत्रे वापरतो, पण त्यांनी वाचवलेला वेळ ती यंत्रे विकत घेण्यासाठी राबण्यात घालवतो. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते हजारो ग्रंथांसाठी. मोजणी करून साधेपणा ठरवणाऱ्याला ते घर पसारा वाटेल. ज्या संग्रहातून एका माणसाने एका समाजाची फुरसत आणि प्रतिष्ठा लढून मिळवली, त्याला तो शब्द लावणाऱ्याच्या मोजपट्टीतच काहीतरी चुकले आहे.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो, आणि बहुधा बाईकडून. १९०१ मध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेतले नाताळ सोडत असताना तिथल्या हिंदी लोकांनी त्यांना मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत पन्नास गिनींचा सोन्याचा हार कस्तुरबांसाठी होता. सगळे परत करून विश्वस्त निधी करायचा, असे गांधींनी रात्रीतून ठरवले, आधी मुलांना राजी केले आणि मग बायकोकडे गेले. कस्तुरबांनी विरोध केला: सुनांना घालायला काय राहणार, उद्याचे कोणी पाहिले आहे, आणि ती भेट माझी असताना ती देऊन टाकण्याचा अधिकार तुमचा कसा? अखेर संमती आपण कशीबशी मिळवली, असे गांधींनीच आत्मकथेत लिहिले आहे. ही हकिकत सहसा त्यागाची म्हणून सांगतात. मला त्यात कस्तुरबांचा युक्तिवाद अधिक पक्का वाटतो. ज्या काळी बाईच्या नावावर दागिन्याखेरीज काहीच नसे, त्या काळी तो हार म्हणजे तिचा विमा होता. निधी समाजाच्या उपयोगी पडला हे खरे, पण साधेपणाचा निर्णय एकाने घ्यायचा आणि जोखीम दुसऱ्याने उचलायची ही रीत तिथपासून आजपर्यंत चालू आहे. यंत्राविना राहू या, असे म्हणणारा पुरुष बहुधा पाट्यावर वाटण वाटणारा नसतो. पहाटे उठून जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या ओव्या आपण कौतुकाने गोळा केल्या. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते सोडताना त्या बायकांना हळहळ वाटली असेल असे मात्र समजू नये. तेव्हा घरातली एखादी वस्तू काढायची ठरली तर पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: तिचे काम आता कोणाच्या हातावर पडणार?

तिसरी बाजू बाजाराची. वस्तू लवकर मोडाव्यात अशी योजना करून त्या बनवल्या जातात, हा आरोप आता जुना झाला असला तरी त्याचा पुरावा आजही वाचण्याजोगा आहे. १९२४ मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स यांसारख्या दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी फीबस नावाचा संघ केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणायचे ठरवले. आधीचे दिवे दीड-दोन हजार तास टिकत. ज्या कारखान्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड होत असे. म्हणजे चांगले काम केल्याबद्दल दंड! ग्राहक कितीही संयमी असला तरी अशा दिव्यापुढे त्याचा संयम काय करणार? याच्या उलट आपल्याकडे जुन्या वस्तूला दुसरा जन्म देणारी एक अख्खी व्यवस्था होती. नऊवारीची गोधडी व्हायची, गोधडीचे पुढे पायपुसणे. पितळी भांड्यांना कल्हई करणारा दारावर यायचा. डोक्यावर नव्या भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण यायची, जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले द्यायची आणि तासभर घासाघीस करायची. ते कपडे धुऊन, दुरुस्त होऊन जुन्या बाजारात पुन्हा उभे राहत. आज सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी तिला आत सोडत नाही. तिची जात आणि तिची गरिबी या व्यवसायाला चिकटलेली होती, म्हणून त्याचे गोडवे गाताना जपावे. पण तिच्या जागी काय आले तर ‘टाका आणि घ्या’. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्याचा हेतू. मला हे पाऊल कपाटे आवरण्याच्या शंभर पुस्तकांपेक्षा महत्त्वाचे वाटते, मात्र कंपन्यांवर बंधन आल्याशिवाय नुसत्या माहितीने फारसे साधणार नाही.

सगळ्यांनीच खरेदी कमी केली तर कारखान्यांचे आणि कामगारांचे काय, हा प्रश्न अर्थशास्त्री विचारतात आणि तो रास्त आहे. जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचा विचार वर्ध्याच्या मगनवाडीत बसून केला. हा माणूस लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेला, पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम त्याच्याकडे होते. तुरुंगात लिहिलेले त्यांचे शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक १९४५ मध्ये आले, आणि पुढे शूमाखरसारख्या अर्थतज्ज्ञाने त्यांचा आधार घेतला. वस्तूच्या किमतीत तिने संपवलेला निसर्ग आणि तिने झिजवलेला माणूस धरला पाहिजे, हा त्यांचा हिशेबनिसाचा आग्रह आज अधिकच पटतो. दुरुस्ती, वाहतूक, शुश्रूषा, वाचनालये यांत खर्च वळला तर त्यात हातांना काम जास्त मिळते, हे उत्तरही देता येते. पण ते पुरे नाही. यंत्रमागावरचा कामगार एका दिवसात परिचारक होत नाही, आणि संक्रमणाची झळ कोणी सोसायची यावर साधेपणाचे पुरस्कर्ते बहुधा गप्प असतात. कुमारप्पांची खेड्यांवरची श्रद्धाही मला जशीच्या तशी घेता येत नाही. खेड्यातल्या जातीच्या उतरंडीला त्यांच्या ताळेबंदात पुरेशी जागा नाही.

मग पाणी, रेल्वे आणि कायदे सुधारेपर्यंत व्यक्तीने हातावर हात ठेवून बसायचे का, असे कोणी विचारील. याचे उत्तर गाडगे महाराजांच्या आयुष्यात आहे. जन्माने परीट असलेला डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाला. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे, एवढीच त्याची चीजवस्तू. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण याच माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला, आणि लाखोंच्या या मिळकती विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. पंढरपूरची एक धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला दिली. कीर्तनात ते लोकांना सांगत की भांडी मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण कर्ज काढून सण करू नका आणि पोराला शाळेत घाला. वस्तू सोडा एवढ्यावर ते कधी थांबले नाहीत. सोडलेले कुठे घालायचे हेही प्रत्येक वेळी सांगितले. मुंबईत कर्करोगावर उपचार घ्यायला खेड्यापाड्यांतून येणारी कुटुंबे आजही त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत उतरतात. तिथे पाय टेकायला जागा मिळते म्हणून अशा घराला दागिना मोडून मुंबईत खोली घ्यावी लागत नाही. स्वतःपुरते कमी आणि सर्वांसाठी अधिक, या दोन्ही टोकांना एकाच माणसाने इतके घट्ट धरलेले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

पुढच्या प्रकरणांची मांडणी या क्रमाने केली आहे. कपडे, कपाटे आणि सामान यांवर एकच प्रकरण आहे आणि ते सर्वांत शेवटी येते. ज्यांना तेवढेच हवे असेल त्यांनी खुशाल तिथून वाचावे. त्याआधी दुरुस्तीचा हक्क, त्याआधी घरकामाची वाटणी, त्याआधी वाचनालय आणि बस. पहिले प्रकरण पाण्याच्या वेळापत्रकावर आहे.